चार लिटर दोनशेचा माणूस

सकाळी आठला फुप्फुस विभागाचं दार उघडायचं आणि जरा वेळानं आतून ओरडा ऐकू यायचा. "ओढा, ओढा, ओढा... आता फुंका! फुंका फुंका फुंका, सोडू नका, अजून आहे आत, पिळा, पिळा!" बाहेर बाकड्यावर बसलेल्या नवख्या माणसाला वाटायचं, आत कुणी अडलेली बाई आहे. जुने पेशंट त्याला धीर द्यायचे, "घाबरू नका हो, मास्तर आहेत. फुंकायला लावतात, बाकी काही करत नाहीत."

मास्तर शाळेतले नव्हेत. फुंकायच्या यंत्रावरचे तंत्रज्ञ. माणसाच्या नाकाला चिमटा लावायचा, तोंडात नळी द्यायची, छातीत मावेल तेवढी हवा ओढायला लावायची आणि मग ती शेवटच्या थेंबापर्यंत बाहेर काढून घ्यायची. किती लिटर निघाली ते यंत्र सांगतं. काम एवढंच, पण गंमत अशी की आजारी माणूस मनापासून फुंकत नाही. त्याला वाटतं, आहे तेवढा दम शिल्लक ठेवावा, घरी जायचंय. त्याच्याकडून पुरता दम काढून घ्यायचा तर आवाज लागतो, आणि आवाज मास्तरांकडे असा होता की माळावर उभं राहून हाक मारली असती तर पलीकडच्या शिवारातली गुरं परत फिरली असती. बावीस वर्षं ते हेच करत आले. म्हणून ते फुंकमास्तर.

पण मास्तरांचा खरा मान निराळ्याच गोष्टीत होता. पेशंट आत यायच्या आधी मास्तर स्वतः फुंकायचे. रोज. ताठ उभे राहून, नाकाला चिमटा लावून तीनदा फुंकायचे आणि तिन्हींतला मोठा आकडा निळ्या शाईनं वहीत लिहायचे. यंत्राची नियत बरोबर आहे का, ते बघायचा हा रिवाज. तीन लिटरची एक लोखंडी पिचकारीही होती. तिनं हवा ढकलली की यंत्रानं तीन लिटर दाखवायला हवं. पण पिचकारी मेली ती मेलीच. जिवंत, उबदार, ओलसर श्वासाची परीक्षा जिवंत छातीनंच करायची. त्यासाठी निरोगी माणूस लागतो, आणि अख्ख्या फुप्फुस विभागात धड फुप्फुसाचा माणूस एकच निघाला. शिपायाला जन्माचा दमा. सिस्टरला धुळीचं वावडं. आणि विभागप्रमुख सर मागच्या जिन्यात दिवसाकाठी सात सिगारेटी ओढायचे, वर "मी अभ्यासासाठी ओढतो" असं म्हणायचे.

तिशीत मास्तर इथं लागले तेव्हा त्यांची फुंक चार लिटर सातशे भरली. मग वयानं आपला वाटा न्यायला सुरुवात केली. वर्षाला पंचवीस-तीस मिली, ना कमी ना जास्त. सर वर्षाच्या सुरुवातीला पेन्सिलीनं वहीच्या कडेला लिहून ठेवायचे, मास्तर यंदा किती भरणार, आणि मास्तर तेवढेच भरायचे. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ते चार लिटर दोनशेवर होते. पाहुणे डॉक्टर आले की सर त्यांना मास्तरांपुढे उभं करून म्हणायचे, "हा माणूस नाही, माप आहे." मास्तर मान खाली घालायचे, पण त्या दिवशी घरी गेल्यावर भाजीत मीठ कमी पडलं तरी बोलायचे नाहीत.

सरांचं नाव मोठं होतं. त्यांचे लेख परदेशी मासिकांत छापून यायचे. त्यातला गाजलेला लेख साठ प्रश्नांच्या एका यादीवर होता. छातीच्या पेशंटला काय काय विचारावं, म्हणजे रोगाचं मूळ सापडेल, अशी ती यादी. तिच्यातला एकतिसावा प्रश्न तर देशोदेशी पोचला होता: "घरात पक्षी आहेत का?" पक्ष्यांच्या पिसांच्या आणि विष्ठेच्या धुळीनं काहींचं फुप्फुस आतून सुजतं, आखडतं, हे सरांनी लोकांच्या गळी उतरवलं. यादी भरून घ्यायचं काम मास्तरांकडे. एकतिसावा प्रश्न त्यांनी काही हजार माणसांना विचारला असेल. एका म्हातारीनं उलट विचारलं होतं, "पक्षी नाहीत, जावई आहे. चालेल का?"

या सगळ्या लेखांत मास्तर होते. म्हणजे त्यांची फुंक होती. "यंत्राची पडताळणी एका निरोगी पुरुष स्वयंसेवकाकडून रोज केली गेली." एवढं एक वाक्य. मास्तर ते वाक्य शोधून काढायचे, त्याखाली पेन्सिलीनं रेघ मारायचे आणि घरी नेऊन बायकोला दाखवायचे.

"हे बघ. हा मी."

बायको चष्मा लावून बघायची. "कुठाय तुमचं नाव?"

"नाव नाही. स्वयंसेवक म्हणजे मी."

"मग माझं पण नाव छापून आलंय," बायको म्हणायची. "मतदार यादीवर बातमी आली होती ना पेपरात, 'लाखो महिला'? त्यातली मी."

मास्तर मासिक मिटून ठेवायचे. पण तो काटा रुतून राहिला. वीस वर्षं फुंकूनही छापील कागदावर आपलं नाव एकदाही उमटलं नाही. निवृत्तीच्या आत एकदा ते उमटावं, एवढंच त्यांचं मागणं. बाकी कशाची हाव त्या गड्याला नव्हती.

सरांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण मास्तरांचं नाव लेखात घालायचं तर कुठं घालायचं, हे त्यांना सुचत नव्हतं. म्हणून एका साली त्यांनी दुसरं काहीतरी केलं. पक्षी आणि फुप्फुस या विषयावर बोलायला ते परदेशी परिषदेला गेले होते, तिथून येताना मास्तरांसाठी एक मोठी पिशवी घेऊन आले. पिशवीत दुलई. पांढरीशुभ्र, ढगासारखी, हातात धरली तर वजनच नाही. आत बदकाची मऊ पिसं.

"थंडीत वापरा," सर म्हणाले. "तुमची छाती उबेत राहिली पाहिजे. आमच्या विभागाची ठेव आहे ती."

मास्तरांचे डोळे भरून यायचेच बाकी होते. दुलई घरी आली. बायकोनं ती खांद्यावर घेऊन आरशात पाहिली आणि म्हणाली, "एवढी मोठी आहे, पण मला नको. मला गुदमरल्यासारखं होतं." म्हणजे दुलई मास्तरांची एकट्याची. थंडी पडली की कपाटातून निघायची, ऊन तापलं की घडी होऊन परत कपाटात जायची. मास्तर ती हनुवटीपर्यंत ओढायचे आणि राजासारखे झोपायचे.

त्या पहिल्या थंडीतच आकडा हलला. चार लिटर दोनशेचा माणूस चार लिटरवर आला. मास्तरांनी नळी धुतली, पुन्हा फुंकलं. तेच. यंत्र उघडून पुसलं. तेच. पिचकारी लावली, तर पिचकारीचे बरोबर तीन लिटर. सरांनी भुवया वर केल्या आणि म्हणाले, "बघू." थंडी संपली, ऊन पडलं, आकडा आपसूक परत वर. पुढच्या थंडीत पुन्हा खाली, या वेळी जरा जास्त. उन्हाळ्यात पुन्हा वर. तिसऱ्या थंडीत आणखी खाली.

आता साध्या माणसाला वाटेल, मास्तरांनाच काहीतरी झालंय. पण सर साधे नव्हते. त्यांनी असा विचार केला: माणूस आजारी पडला तर आजारीच राहील, उन्हाळा आला म्हणून बरा होणार नाही. ऋतूप्रमाणे हलतं ते यंत्र. छातीतला श्वास गरम, यंत्राची नळी थंडीत गारठलेली. गरम श्वास गार नळीत आला की आकसतो, म्हणून आकडा कमी पडतो. मग पिचकारीला का पडत नाही? कारण पिचकारीतली हवा खोलीचीच, आधीच गार. ती आणखी काय आकसणार? जे पिचकारीला कळलं नाही ते मास्तरांच्या छातीनं पकडलं. सर खुर्चीतून उठून उभे राहिले. "मास्तर, तुम्ही जगातल्या सगळ्या दवाखान्यांची चूक शोधलीत!"

मास्तरांनाही ते पटलं. पटणारच. त्या थंडीत त्यांना दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात मध्येच थांबावं लागायचं, कोरडा खोकला यायचा. पण फुंक कमी भरली की ते स्वतःला सांगायचे, मी ठीक आहे, यंत्र गारठलंय. आणि जिन्यात धाप लागली की म्हणायचे, जिना गारठलाय.

सरांनी लेख लिहिला. थंडीत यंत्र सहा टक्के कमी दाखवतं, तर थंडीत आलेल्या प्रत्येक पेशंटच्या आकड्यात सहा टक्के मिळवावेत, असा त्याचा सारांश. परदेशी मासिकानं उलट विचारलं, सगळा निष्कर्ष एकाच माणसावर कसा? सरांनी कळवलं, माणूस एक, पण फुंका हजारो, आणि असा माणूस तुमच्याकडे असेल तर दाखवा. त्यांच्याकडे नसावा. लेख स्वीकारला गेला. चौथ्या थंडीच्या तोंडाला छापायच्या आधीची पानं तपासायला आली, तेव्हा सरांनी मास्तरांना बोलावून शेवटचं पान पुढं केलं. खाली आभार होते. आभारांत मास्तरांचं नाव होतं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट. पुढं लिहिलं होतं, "ज्यांच्या अविचल फुप्फुसांशिवाय हा अभ्यास शक्य नव्हता."

मास्तरांनी त्या पानाची झेरॉक्स काढली. घरी बायकोनं दोनदा वाचून घेतलं. "अविचल म्हणजे काय हो?"

"न हलणारं."

"फुप्फुस हललं नाही तर माणूस मरतो ना?"

"तुला नाही कळायचं," मास्तर म्हणाले आणि खोकत आत गेले.

सरांना दम नव्हता. लेख छापून येण्याआधीच त्यांनी आपल्या विभागात सहा टक्क्यांचा नियम लागू केला. त्याच आठवड्यात सुतार आला. हा मास्तरांचा जुना पेशंट. तीस वर्षं लाकडाचा भुसा छातीत गेलेला. फुंक निरोगी माणसाच्या साठ टक्क्यांच्या खाली गेली तर करवतीच्या कामातून काढून बसायचं काम द्यायचं, असा त्याच्या कारखान्याचा नियम. त्याला फक्त तशी चिठ्ठी हवी होती. सुतारानं जीव तोडून फुंकलं. सत्तावन्न भरले. मास्तरांनी सहा टक्के मिळवले. साठच्या वर गेले.

सुतारानं कागद उलटसुलट करून पाहिला. "मास्तर, म्हणजे मी बरा झालो?"

"कागदावर सुधारणा आहे."

"हे माझ्या छातीला कुणी कळवलं नाही वाटतं," सुतार म्हणाला आणि टोपी डोक्यावर ठेवून करवतीकडं गेला. मास्तरांना ते बोलणं दिवसभर टोचत राहिलं. पण शास्त्र म्हटलं की टोचणारच.

मग ऐन कडाक्याच्या थंडीत मेहुणा आला. बायकोचा थोरला भाऊ. दात बसवून घ्यायला आला होता, तीन आठवडे मुक्काम. मेहुणा म्हणजे अघळपघळ माणूस. आला की घर त्याचं. आल्या आल्या त्यानं दुलई पाहिली. "वा दाजी! ही काय परीराणीची आहे का?" बायको लगेच म्हणाली, "दादा, तूच घे ही. यांना काय, कांबळं चालतं." मास्तरांनी तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं, ते कुणी ऐकलं नाही. दुलई मेहुण्याकडे, मास्तर कांबळ्यात.

आणि फुंक वर सरकायला लागली. आधी तीन लिटर आठशेच्या आसपास रखडलेला आकडा पहिल्या आठवड्यात नऊशेकडं गेला, दुसऱ्यात त्याच्याही वर, आणि तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी मास्तरांनी चार लिटर साठ मिली भरले. बाहेर खिडकीच्या काचेवर दव गोठत होतं. नळी बर्फासारखी गार. सरांच्या लेखाप्रमाणे हे व्हायला नको होतं.

"खोलीत शेगडी कुणी लावली?" सर कडाडले.

"कुणी नाही, सर."

"मग यंत्राला झालंय काय?"

यंत्राला काही झालं नव्हतं. मेहुणा नवे दात चमकवत गावी गेला, दुलई मास्तरांच्या अंगावर परत आली आणि दहा दिवसांत आकडा पुन्हा खाली उतरला. सरांनी सुटकेचा श्वास टाकला. "बघा, आलं ताळ्यावर."

मास्तर मात्र घरी वही घेऊन बसले होते. शेजारी बायको दूधवाल्याच्या कॅलेंडरवर टिकल्या मोजत होती. भाऊ होता तेवढे दिवस दूध दुप्पट, म्हणून प्रत्येक तारखेवर दोन टिकल्या. मास्तरांची नजर कॅलेंडरवरून वहीवर गेली, वहीवरून कॅलेंडरवर आली. दोन टिकल्या सुरू झाल्या तिथून आकडा वर. दोन टिकल्या संपल्या तिथून खाली.

"अगं," मास्तर म्हणाले, "तुझा दादा आला की माझी छाती सुधारते."

बायकोला आकाश ठेंगणं झालं. "मग! बावीस वर्षं माझ्या माहेरच्यांना नावं ठेवताय. याला म्हणतात पायगुण! तरी मी म्हणत होते, दादा होता तेव्हा तुम्ही जिना एका दमात चढत होता."

"चढत होतो?"

"न थांबता! आणि खोकला पण नव्हता. मला वाटलं, दादासमोर मुद्दाम रुबाब करताय."

मास्तरांनी वही मिटली. यंत्र गारठतं हे कबूल, पण जिना? जिन्याला कुठली नळी होती? ते उठून आत गेले. पलंगावर दुलई पसरली होती, गुबगुबीत. त्यांनी तिच्यावर एक थाप मारली. उन्हाच्या तिरिपेत बारीक पांढरी धूळ उडाली आणि नाचत नाचत खाली बसली. एकतिसावा प्रश्न. घरात पक्षी आहेत का? मास्तरांनी स्वतःला कधी विचारलाच नव्हता. आणि विचारला असता तरी उत्तर "नाही" असंच आलं असतं.

पण बावीस वर्षं संशोधकाच्या सावलीत काढलेला माणूस एवढ्यावर विश्वास कसा ठेवणार? मेहुणा आणि दुलई, दोन्ही एकदम बदलली होती. नेमकं कोण? मास्तरांनी मेहुण्याला कळवलं, दात एकदा दाखवून जा, आठ-दहा दिवस राहायला या. मेहुणा हरखून आला. आणि पहिल्याच दिवशी त्याच्या हातात कांबळं पडलं.

"हे काय दाजी? मागच्या वेळी परीराणी, आणि आता हे टोचरं? मी काय वाईट केलं?"

"तुमचं काही नाही हो. तपासणी चालली आहे."

"कुणाची, माझी? बहिणीच्या घरी माझी तपासणी?"

दहा दिवस मेहुणा कुरकुरत कांबळ्यात झोपला आणि मास्तर दुलईत खोकले. आकडा तिथंच, रुतलेल्या गाडीसारखा. म्हणजे पायगुणाचा निकाल लागला. मेहुणा फुगून गेला तो गेलाच. मग मास्तरांनी दुलईची घडी करून ती प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधली आणि माळ्यावर टाकली. मेहुणा नाही, दुलई नाही, थंडी तेवढीच. तीन आठवड्यांत आकडा पुन्हा चार लिटरच्या वर. यंत्र पहिल्यापासून खरं बोलत होतं. खोटं ठरलं ते माप.

आता पंचाईत अशी की हे कुणाला सांगायचं? सांगितलं तर लेख बुडणार. लेख बुडला तर आभार बुडणार, आणि आभारांत बावीस वर्षांनी उमटलेलं नाव होतं. छापील अंक निघायला पंधरा दिवस उरले होते. दुलई माळ्यावर होती, मास्तर सुधारत होते, कुणाला कळायचं कारण नव्हतं. पंधरा दिवस गप्प बसायचं, बस. एकदा छापलं की छापलं. मास्तरांनी ती झेरॉक्स काढून परत वाचली. अविचल फुप्फुसं. त्यांनी ठरवलं, गप्प बसायचं. आणि चार दिवस बसलेही.

पाचव्या दिवशी सुतार आला. या वेळी बसूनच आला, चाकाच्या खुर्चीवर. बरोबर बायको होती. करवतीवर काम करताना दम कोंडला आणि खाली पडला, असं तिनं सांगितलं. मास्तरांनी चिमटा लावला, नळी दिली आणि ओरडायला तोंड उघडलं, तर आवाज फुटेना. सुतारच म्हणाला, "ओरडा की मास्तर. तुम्ही ओरडला नाहीत तर फुंकायची सवय नाही मला." मास्तर ओरडले. सुतारानं फुंकलं. पंचावन्न.

"आणि ते तुमचं वरचं?" सुतारानं विचारलं. "थंडीचं बक्षीस?"

नियमाप्रमाणे मिळवलं तर अठ्ठावन्नच्या वर जात होतं. तरीही साठच्या खाली. म्हणजे आता चिठ्ठी मिळणार होती. तीन महिन्यांपूर्वी मिळायला हवी होती ती आत्ता, जमिनीवर आपटल्यावर. मास्तरांनी सहा टक्के मिळवले नाहीत. पंचावन्न लिहिले, चिठ्ठी भरली, सही घ्यायला ती सरांच्या खोलीत घेऊन गेले आणि दार लावून घेतलं.

"सर, लेख थांबवा."

सरांनी मान वर केली नाही. "कुठला?"

"थंडीचा. यंत्र बरोबर आहे. मी चुकीचा आहे."

सरांनी मग मान वर केली. मास्तरांनी वही, दूधवाल्याचं कॅलेंडर आणि मेहुण्याच्या दोन भेटी, सगळं टेबलावर मांडलं. सर ऐकत गेले. मध्ये एकदाच म्हणाले, "कुठली दुलई?"

"पांढरी."

"आणली कुठून?"

मास्तर पायाच्या बोटांकडं बघत राहिले. "परिषदेहून, सर. पक्ष्यांच्या."

मग सर उठले, मास्तरांचा शर्ट वर करायला लावला आणि पाठीवर छाती ऐकायची नळी टेकवली. बावीस वर्षांत पहिल्यांदा. खाली, बरगड्यांच्या तळाशी बारीक कुरकुर वाजत होती, नवी वहाण वाजते तशी. सरांनी तीनदा ऐकलं.

"पंधरा दिवसांनी सांगितलं असतंत तर?" सर शर्ट खाली सोडत म्हणाले.

"तर छापून आलं असतं."

"हो."

"तुमचं नाव, सर."

"तुमचंही, मास्तर."

कुणी ओळखीचं गेल्यासारखं झालं होतं. मग सरांनी कागद ओढला आणि मासिकाला दोन ओळींचं पत्र लिहिलं: लेख मागे घेत आहोत, स्वयंसेवक सदोष निघाला. मास्तरांनीच ते टपालात टाकलं.

सर वाईट माणूस नव्हते. त्या थंडीतल्या सगळ्या पेशंटना त्यांनी परत बोलावलं, सहा टक्के काढून टाकले आणि सुताराला बसायचं काम मिळालं. जिन्यातल्या सात सिगारेटींच्या तीन झाल्या. मास्तरांना औषध सुरू केलं. दुलई मागवून घेतली, बरणीत बंद करावी तशी काचेच्या कपाटात ठेवली आणि तिच्यावर चिठ्ठी लावली. आणि मग, संशोधकच ते, त्यांचा हात शिवशिवायला लागला. पक्षी नसलेल्या घरात पक्ष्यांचा रोग! यंत्राची चूक समजून तीन वर्षं दुर्लक्षिलेला! असा पेशंट जगात दुसरा नव्हता. सरांनी नवा लेख लिहिला. या वेळी मासिकानं एकही शंका काढली नाही. लेख आला, गाजला आणि यादीतल्या एकतिसाव्या प्रश्नाला शेपूट फुटलं: "अंथरुणा-पांघरुणात पिसं आहेत का?"

लेख अथपासून इतिपर्यंत मास्तरांवर होता. मास्तर कसे झोपतात, जिन्यात कुठल्या पायरीवर थांबतात, खोकला कोरडा की ओला, पाठीत काय वाजतं, सगळं होतं. दुलईची लांबी-रुंदी होती. मास्तरांच्या छातीचं चित्र होतं, अर्धं पान भरून. फक्त नाव नव्हतं. "रुग्ण: पुरुष, वय बावन्न." आजारी माणसाचं नाव छापत नाहीत, हा मासिकाचा नियम. आणि दुलई "एका सहकाऱ्यानं भेट दिलेली" होती. त्या सहकाऱ्याचंही नाव नव्हतं, कुठल्या नियमानं ते सरांनी सांगितलं नाही.

पुढच्या थंडीत मास्तर आणि बायको मेहुण्याची समजूत काढायला त्याच्या गावी गेले. मेहुणा दारातच हसत उभा. दात लखलखत होते, राग कुठल्या कुठे पळाला होता. त्यानं मास्तरांना हाताला धरून बैठकीच्या खोलीत नेलं. भिंतीवर सोनेरी चौकट. चौकटीत त्या लेखाचं शेवटचं पान, सरांनी टपालानं पाठवलेलं. खाली आभार होते, आणि आभारांत मेहुण्याचं नाव होतं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट: "ज्यांनी दोन वेळा प्रवास करून, गैरसोय सोसून, निरोगी स्वयंसेवक म्हणून या अभ्यासाला अमोल सहकार्य केलं."

"गैरसोय म्हणजे ते कांबळं," मेहुणा म्हणाला. "मला वाटलं होतं तुम्ही अपमान करताय. मला काय ठाऊक शास्त्र चाललंय! अख्खं गाव बघून गेलं, दाजी."

मास्तर चौकटीजवळ गेले. काचेवर धूळ होती, त्यांनी एक फुंकर मारली. दम चांगला होता.

"पण यात तुम्ही कुठं आहात?" मेहुण्यानं विचारलं. "काम तर तुमच्याकडेच झालं ना?"

मास्तरांनी पान वरपर्यंत शोधलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "हा मी. पुरुष, वय बावन्न."

"नाव नाही?"

"आजारी माणसाचं छापत नाहीत."

मेहुण्यानं जरा विचार केला आणि मास्तरांच्या पाठीवर थाप मारली. "बरं झालं दाजी, मी ठणठणीत होतो!"